जीव घाबरतो

१

आमच्या घरात जिन्यावरून कोण येतंय हे मला न बघता कळतं. मी एसटीत कंडक्टर आहे. पहाटेची नांदेड-लातूर गाडी करून दुपारी परत येते, खाली भाकरी खाते आणि वरच्या माझ्या खोलीत पंखा लावून आडवी होते. झोप लगेच लागत नाही. सकाळपासून माणसांच्या गलक्यात तापलेले कान इतक्या लवकर थंड होत नाहीत, म्हणून पडल्या पडल्या जिना ऐकत राहते.

हे घर माझ्या थोरल्या भावाचं, साहेबरावचं. माझं आणि नवऱ्याचं तिकीट एका गावचं नव्हतं, म्हणून मी मधल्या स्टॉपला उतरले आणि इथं राहायला आले. भाऊ महावितरणात लाइनमन आहे. तो जिनासुद्धा खांबावर चढल्यासारखा एकेक पाय ठोकत चढतो. वहिनी, म्हणजे चांगुणा, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवते, तेव्हा तिची जोडवी वाजतात. त्यांची लुंबिनी नववीला आहे. ती दोन-दोन पायऱ्या गाळत येते. तिचा थोरला भाऊ आदर्शही तसाच यायचा.

आदर्श डिसेंबरात गेला. सतरा वर्षांचा होता. बारावी चालू होती आणि पोलीस भरतीसाठी रोज पहाटे मैदानावर पळायला जायचा. धुक्यात पळत होता, शेवटच्या चकरीत सगळ्यांच्या पुढे होता, आणि पडला. सोबतच्या पोरांना वाटलं पाय मुरगळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मेलेल्या प्रत्येकाचं हृदय बंदच पडतं, हे कळायला मला डॉक्टर कशाला लागतो? पण का बंद पडलं ते कुणी सांगितलं नाही. चिरफाड नको म्हणून भाऊनं हात जोडले आणि तो विषय तिथंच मिटला.

मार्च लागला होता. ऊन चढायला लागलेलं. मी पडले होते, तेव्हा खालून पावलं आली. दोन-दोन पायऱ्या गाळत. आमचा जिना दोन टप्प्यांचा आहे, मध्ये वळण आहे, आणि त्या वळणावर खिडकी नसल्यामुळे दिवसाही अंधार असतो. पावलं वळणापर्यंत आली आणि थांबली. मग धापा ऐकू आल्या, लांबून पळत आलेल्या माणसाच्या.

"काय गं, एवढ्यात दमलीस व्हय?" मी पडल्या पडल्याच विचारलं.

धापा हळूहळू कमी झाल्या. मी वरच्या टप्प्याची पावलं ऐकायची वाट बघत राहिले, ती आली नाहीत. खाली उतरल्याचीही आली नाहीत. शेवटी उठून दारात गेले तर वळणावर कुणी नव्हतं. खाली वहिनी पंख्याखाली झोपली होती. लुंबिनीची चप्पल दारात नव्हती, कारण ती अजून शाळेतून यायची होती.

२

मी भुताखेताला मानत नाही. आमच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसूनच आम्ही लिहायला शिकलो, आणि बावीस प्रतिज्ञा मला झोपेतून उठवून विचारल्या तरी येतात. शिवाय नोकरीनं मला एक गोष्ट शिकवली आहे: गाडीत माणूस जास्त झाला असेल तर तो कुठंतरी बसलेला असतोच. नीट बघितलं की सापडतो.

म्हणून मी शोधायला लागले. आमची आणि गुरम्माची भिंत एक आहे. गुरम्मा देगलूरकडची, अर्धी तेलुगू, अर्धी कानडी, आणि बाकी सगळी चौकशी. मला वाटलं तिच्या जिन्यावरचा आवाज भिंतीतून येत असेल. दुपारी मुद्दाम चहाला गेले.

"जिना?" ती म्हणाली. "आमचा जिना तिकडं हाय अक्का, मागं. लोखंडी. या भिंतीला तर आमचं कपाट हाय."

तिनं कपाट दाखवलं. वरून उलट मलाच विचारलं, "तुमच्याकडं दुपारी कोण पळतंय? लुंबिनी काय? पोरीला म्हणा, सावकाश. दम लई लागून राहिला तिला."

चहा मी तसाच ठेवून उठले. तिनंही ऐकलं होतं, म्हणजे माझ्या कानाचा दोष नव्हता. खरं सांगायचं तर मला कानाचा दोष निघाला असता तर बरं वाटलं असतं.

३

त्यानंतर लुंबिनी वळणावर थांबायला लागली.

आधी माझं लक्ष गेलं नाही. मग कळलं की दोन-दोन पायऱ्या गाळणारी पोर आता एकेक पायरी येते, वळणावर भिंतीला हात टेकते, आणि बऱ्याच वेळानं वर येते. तोंड पांढरं पडलेलं, कपाळावर घाम.

एका संध्याकाळी जेवताना भाऊनं तिला वरून माझी पाण्याची बाटली आणायला सांगितलं. ती उठली नाही.

"जा की," भाऊ म्हणाला.

"वळणावर माझा जीव घाबरतो, पप्पा."

भाऊनं घास खाली ठेवला. वहिनी माझ्याकडे बघत राहिली आणि मी ताटाकडे. आम्ही तिघांनीही ते वाक्य नीट ऐकलं होतं, आणि आमच्यापैकी एकानंही तिला पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय उत्तर येईल याची प्रत्येकाला वेगवेगळी भीती होती. बाटली मीच आणली.

दुसऱ्या दिवशी वळणाच्या कोपऱ्यात मला लिंबू सापडलं. कुंकू लावलेलं, टाचण्या टोचलेलं. मी ते उचलून थेट स्वयंपाकघरात वहिनीसमोर ठेवलं.

"हे काय हाय?"

वहिनी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"वहिनी, आपल्या घरात? भाऊला कळलं तर? बुद्ध इहारात काय तोंड दाखवशील?"

"दाखवीन काय दाखवायचं ते," ती म्हणाली. "तू लेकराची आय न्हाईस, दिपा. मला एकच ऱ्हायलंय. त्याला करमत न्हाई तिकडं. त्यो तिला न्यायला आलाय."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. भाकरी तव्यावर टाकता टाकता ती हे बोलली. मी रागानं लिंबू बाहेर फेकलं आणि तिला सुनावलं, की पोरगी भावाच्या दुःखानं घाबरली आहे आणि तू तिला आणखी घाबरवतेस. मी जे बोलले ते शहाण्या माणसाचं होतं. पण त्या दिवशी जिना चढताना मी वळणावर मोबाइलचा उजेड लावला.

४

बाबासाहेबांच्या जयंतीच्या आधी दरवर्षी घराला रंग देतो. यंदा भाऊ नको म्हणत होता, मीच आग्रह केला. मला ते वळण पुसून काढायचं होतं. रंगाऱ्यानं जिन्याला फिकट पिस्ता दिला, भिंत उजळली, आणि मला उगीच हुशारी वाटली.

रंग वाळल्यावर दोन दिवसांनी वळणावर पंजा उठला.

ओला पंजा होता. पाच बोटं, तळवा, सगळं स्वच्छ. मी रंगाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, ओल असेल. मी म्हटलं, दादा, एप्रिलात नांदेडात भिंतीला ओल? नळाला पाणी येत नाही आणि भिंतीला कुठून येईल? त्यानं भिंत ठोकून बघितली. या भिंतीत पाइप नाही म्हणाला, आणि वरून आणखी एक हात मारून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी पंजा परत होता.

मी त्याला बोट लावलं. गार लागेल असं वाटलं होतं. तो कोमट होता. बोट नाकाजवळ नेलं तर घामाचा वास आला, मैदानावरून आलेल्या पोराच्या बनियनला येतो तसा. मी बोट साडीला पुसलं आणि पुसतच राहिले.

मग दिसलं की पंजे दोन आहेत. एक माझ्या डोक्याच्या वर, मोठा. दुसरा त्याच्या खाली, लहान. लुंबिनी शाळेतून आली तेव्हा मी तिला हाताला धरून तिथं नेलं.

"हे तुझे हायत का?"

"खालचा माझा," ती म्हणाली. "मी थांबते तवा हात टेकते तिथं."

"आन वरचा?"

तिनं आपला हात माझ्या हातातून सोडवून घेतला आणि सावकाश खाली गेली.

५

आता मी दुपारी पडत नव्हते. खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. तिथून वरचा टप्पा दिसतो, वळणाचा कोपरा दिसत नाही. मी स्वतःला सांगत होते की मी पोरीवर लक्ष ठेवायला बसते. खरं म्हणजे माझी जिन्याकडे पाठ करायची हिंमत राहिली नव्हती.

लुंबिनी पेपर देऊन आली. खाली दप्तर टाकल्याचा आवाज आला. मग पायऱ्या, एकेक. वळणावर थांबली. धापा सुरू झाल्या.

"लुंबिनी?"

"आले आत्या," ती म्हणाली. "गणित सोपं होतं. थांब जरा, आले."

मी खुर्चीचे हात घट्ट धरले. एवढं सगळं ती बोलली, आणि ती बोलत असताना धापा चालूच होत्या. माणसाला एक तर बोलता येतं नाहीतर धापा टाकता येतात. घाट चढून गाडी पकडणारी म्हातारी माणसं मी रोज बघते. तिकीट मागितलं की ती आधी श्वास आवरतात, मग गावाचं नाव सांगतात. लुंबिनीचं बोलणं संपलं आणि मग तिचाही श्वास ऐकू यायला लागला. बारीक, भराभर. तिच्याबरोबर दुसरा, जाड. दोघांचे श्वास मागेपुढे होत होते, आणि थोड्या वेळानं जुळले.

मला उठता आलं नाही. मी दारातून हाक मारत राहिले, लुंबे ये, लुंबे ये, आणि ती आली तेव्हा तिला खोलीत ओढून कडी घातली. तिचा हात बर्फासारखा झाला होता.

"कोण हाय तिथं?" मी विचारलं.

"मला झोपायचंय आत्या," ती म्हणाली.

६

मी ठरवलं की हे आता थांबवायचं. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून मी स्टँडजवळच्या एका डॉक्टरकडे गेले. जुने डॉक्टर मुलाकडे गेलेले, आणि त्यांच्या जागी शिवप्रसाद नावाचा तरुण डॉक्टर बसलेला. निजामाबादकडचा. मराठी शिकत होता, त्यामुळे प्रत्येक शब्द जपून वापरायचा.

मी त्याला सांगितलं, घरात पोरगा गेलाय, त्याची बहीण चौदाची आहे, तिच्या मनानं घेतलंय. जिन्यात गेली की तिचा जीव घाबरतो. काहीतरी शांत करायची गोळी द्या.

"घाबरतो," तो म्हणाला. लिहिता लिहिता थांबला. "मॅडम, माफ करा. जीव घाबरतो म्हणजे भीती, की छातीत धडधड? दोन आहे ना ते?"

मला हसू येणार होतं. एवढं साधं मराठी कळत नाही आणि नांदेडात दुकान टाकलं, असं काहीतरी तोंडाशी आलं होतं. ते तिथंच राहिलं.

दोन आहे ना ते. आमच्याकडे छातीत कालवलं, श्वास पुरेना झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली तरी माणूस म्हणतो, जीव घाबरला. आणि भ्यायलं तरी म्हणतो, घाबरला. आपण आपलं ऐकतो आणि आपल्याला जे वाटतं ते धरतो.

"कधी होतं? बसली असताना?"

"न्हाई. चढताना."

"जिना चढताना फक्त? मैदान? शाळेत पीटी?"

मला माहीत नव्हतं. पण दुसऱ्याच कुणाचा आवाज माझ्या कानात आला. नोव्हेंबरातली सकाळ, आदर्श पळून आलेला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पाणी पीत होता. म्हणाला, मम्मी, शेवटच्या चकरीला जीव घाबरून राहिलाय. आणि भाऊ हसून म्हणाला, पोलीस होणार आन घाबरतो? सगळे हसले होते. आदर्शही हसला होता.

"तिचा भाऊ कसा गेला म्हणालात?" डॉक्टरनं विचारलं.

"पळताना," मी म्हटलं.

त्यानं पेन खाली ठेवलं. "तिला आत्ता आणा. चालवू नका. रिक्षात."

मी तिथूनच वहिनीला फोन लावला. लुंबिनी कुठाय विचारलं.

"गच्चीवर गेली की, कपडे काढायला," वहिनी म्हणाली. "वारं सुटलंय. कामून?"

७

रिक्षावाल्याला मी काय बोलले मला आठवत नाही. घराचं दार उघडंच होतं. वहिनी जिन्याच्या पायथ्याशी उभी होती, एक हात कठड्यावर, आणि वर बघत होती. ती पाय उचलत नव्हती.

"दिपा," ती हळू म्हणाली, "दोघं हायत."

मी तिला बाजूला सारलं आणि चढले. अंधारात आधी तिची ओढणी दिसली. लुंबिनी वळणावर होती, गुडघे दुमडलेले, मान छातीवर पडलेली. तिनं पडायला हवं होतं. उभं राहण्याइतकं बळ त्या अंगात दिसत नव्हतं. पण तिचा उजवा हात वर होता, सरळ, वरच्या टप्प्याच्या दिशेनं, आणि मनगटावरची बाही चुरगळून दाबली गेली होती. त्या हाताला ती लटकली होती.

वरच्या पायऱ्यांवर मी बघितलं ते एवढंच. बुटांच्या टाचा. पांढरे बूट, मैदानाची तांबडी माती लागलेले, चढत्या माणसाचे. एक पाय वरच्या पायरीवर, दुसरा उचललेला. ते बूट शेवटच्या दिवशी भाऊनं स्वतःच्या हातानं त्याच्या पायात घातले होते आणि त्याच्यासोबतच गेले होते. त्याच्या वर मी नजर नेली नाही. मी आत्या आहे, त्याला मांडीवर खेळवलं आहे, आणि तरीही माझी त्याच्या तोंडाकडे बघायची छाती झाली नाही.

मी लुंबिनीला कमरेतून धरून खाली ओढलं. क्षणभर ती सुटेना. मग एकदम सुटली आणि आम्ही दोघी वहिनीच्या अंगावर आलो.

८

शिवप्रसाद डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. मग मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं हृदयाची सोनोग्राफी करतात त्या खोलीत पडदे ओढून अंधार केलेला होता. सोबत एकालाच थांबता येईल म्हणाले. वहिनी बाहेर बाकावरच बसली, भाऊ अजून यायचा होता, म्हणून मी थांबले.

तपासणाऱ्या मॅडम माझ्या वयाच्या होत्या. त्यांचं तोंड यंत्राच्या स्क्रीनकडे, पाठ माझ्याकडे. लुंबिनी डाव्या कुशीवर निजलेली. यंत्रातून रक्ताचा आवाज येत होता, मोटारीनं टाकीत पाणी चढावं तसा. मी कोपऱ्यात उभी होते आणि तोंडावर पदर धरला होता, कारण मला रडू येईल असं वाटत होतं. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

"बाई," मॅडम मागे न बघता म्हणाल्या, "एकच जण थांबा म्हणलं होतं ना. त्यांना दम लागलाय, त्यांना बाहेर बसवा. मला आवाज ऐकू येईना."

मॅडमनी मान वळवली नाही म्हणून बरं झालं. खोलीत मी एकटीच उभी आहे हे त्यांना कळलं असतं तर मला काय सांगता आलं असतं?

"जावा म्हणलं ना बाहेर," त्या जरा चढ्या आवाजात म्हणाल्या.

दाराचा पडदा हलला. पंखा बंद होता. लुंबिनीनं तिकडे बघितलं, आणि स्क्रीनच्या निळ्या उजेडात मला तिचे ओठ हललेले दिसले. यंत्राच्या आवाजात काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. त्यानंतर खोलीत यंत्राचा आवाज तेवढा राहिला.

मोठ्या डॉक्टरनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. हृदयाची मधली भिंत जाड आहे. जन्मापासूनचं असतं, रक्तातून येतं, बाहेरून काही दिसत नाही. भावालाही हेच असणार. गोळ्या सुरू करू, पळणं बंद, जिना बंद, आणि परीक्षा झाली की हैदराबादला दाखवून घ्या. तिथं छातीत एक यंत्र बसवतात, ते ठोका चुकला की सांभाळतं. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा.

"वेळेत आणलंत," ते म्हणाले. भाऊ तिथंच, खुर्चीवर बसल्या बसल्या, पोरासारखा रडला.

९

तेव्हापासून जिना गप्प आहे. लुंबिनीची खाट खालच्या खोलीत आणली, पुस्तकं खाली आणली. भिंतीवरचे पंजे वाळले. मी दुपारी वर जाऊन पडते आणि मला चक्क झोप लागते.

घरात सगळ्यांनी एक गोष्ट धरली आहे. दादानं तिला वाचवलं. तो तिला वळणावर रोज थांबवत होता, बस म्हणत होता, आणि त्या दिवशी हात धरून पडू दिलं नाही. पायऱ्यांवरून गडगडत आली असती तर संपलंच होतं. हे मीच सगळ्यांना सांगितलं, आणि सांगता सांगता माझाही त्यावर विश्वास बसला. वहिनी आता त्याच्या फोटोपुढे मेणबत्ती लावते तेव्हा तिचा चेहरा निवळलेला असतो. भुताला न मानणारी मी, पण आमचं पोरगं बहिणीसाठी थांबलं होतं, हे मानायला मला जड गेलं नाही.

आज संध्याकाळी मी लुंबिनीला गोळी दिली. ती भूगोलाचं पुस्तक पोटावर ठेवून पडली होती. बाहेरच्या खोलीत भाऊ फोनवर कुणाला तरी तेच सांगत होता, आदर्शनं वाचवलं म्हणून. ती ऐकत होती.

"आत्या," ती म्हणाली, "दादा थांब म्हणत नव्हता."

"मग?"

"चल म्हणायचा. एकच चक्कर ऱ्हायलीय, चल. हात धरून ओढायचा. मीच दम लागलाय म्हणून थांबायची."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. ती तापात बोलतेय असं म्हणावं तर कपाळ गार होतं.

"त्या अंधाऱ्या खोलीत तू काहीतरी बोललीस," मी म्हटलं. "मॅडमनी बाहेर जावा म्हणलं तवा."

"त्यो दारात थांबला होता ना. माझ्याकडं बघून राहिला. मग मी म्हणलं, येते."

मी श्वास सोडला. आपल्याकडे निघणारी बाई कधी जाते म्हणत नाही. स्टँडवर हे मी रोज ऐकते. गाडीच्या खिडकीतून लेकी आपल्या आयांना म्हणतात, बरं, येते; मी डबल बेल देते आणि गाडी हलते. निरोपाचा शब्द आहे तो. पोरीनं भावाचा निरोप घेतला, आणि तो गेला. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, चांगलं केलंस बाळा.

"हाव," ती म्हणाली, आणि कूस बदलून डोळे मिटले. "आत्ता न्हाई म्हणलं. पेपर झाले की येते."

तिचा भूगोलाचा पेपर शनिवारी आहे. तो शेवटचा.